पिसांची टोपी

विजयाताई शिर्के कुणाशी भांडत नसे. समोरच्याचं बोलणं ती पूर्ण होऊ द्यायची, मान हलवायची, जर्मन लोकांसारखं ‘गेनाऊ’ म्हणायची, म्हणजे ‘अगदी बरोबर’, आणि मग सावकाश त्याची सालटी काढायची. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या मराठी मंडळींत हे ‘गेनाऊ’ इतकं प्रसिद्ध होतं की तिच्या तोंडून ते निघालं की बाकीचे आपापल्या बशीत बघू लागत. आज पाळी कोणाची, एवढंच कळायचं बाकी असे.

मी आणि ती तीन वर्षं एका फ्लॅटमध्ये राहिलो. मी धातूंना तडे कसे जातात यावर पीएचडी करत होते, ती इतिहासावर. माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठी, मूळची साताऱ्याकडची. पुण्यात कॉलेजात शिकवत होती, ते सोडून चाळिशीला टेकल्यावर इथे आली होती. का सोडलं, असं मी एकदा विचारलं. “सगळे घाबरायला लागले होते. कंटाळा आला,” ती म्हणाली. लग्न केलं नव्हतं. त्याबद्दल विचारायची माझी छाती झाली नाही.

ती उभ्याने जेवायची, खिडकीशी, बाहेरच्या सायकली बघत. मिठाच्या बरणीवर स्वतःचं नाव चिकटवलेलं. बाथरूम घासायची माझी पाळी चुकली तर बोलायची नाही. सकाळी दार उघडलं की उंबऱ्यात बादली असे आणि बादलीत ब्रश, माझ्याकडे मूठ करून ठेवलेला. एकदा मला सणसणून ताप आला. तिने तांदळाची पेज केली, कपाळावर गार पट्ट्या ठेवल्या, दोन दिवस विद्यापीठात गेली नाही. आणि माझं मन रमावं म्हणून, अंगावर गरम डांबर ओतल्यावर कातडी कशी सुटते ते सविस्तर सांगितलं.

कारण तोच तिचा विषय होता. अमेरिका अजून अमेरिका झाली नव्हती, समुद्रापलीकडच्या इंग्रज राजाच्या वसाहती होत्या, त्या शेवटच्या वर्षांचा काळ. राजाने कागदावर कर लावला, मग चहावर लावला, आणि तिकडच्या पार्लमेंटात यांचा एक माणूस नाही. वसाहतीतले लोक चिडले. इंग्रजी माल घ्यायचा नाही, चहा प्यायचा नाही, असं ठरलं. इथवर शाळेच्या पुस्तकात असतं. विजयाताईला यापुढचं हवं होतं. ठरलं, पण पाळलं कोणी? आणि ज्यांनी पाळलं नाही त्यांचं शेजाऱ्यांनी काय केलं? शेजारी एकमेकांच्या स्वयंपाकघरांचा वास घेत. चहा विकणाऱ्याचं नाव वर्तमानपत्रात छापत, ‘देशाचा शत्रू’ म्हणून. दुकानाच्या काचांना घाण फासत. फारच झालं तर माणसाला उघडं करून डांबर ओतत, वर उशीतली पिसं उधळत आणि गाडीत बसवून गावभर मिरवत. मागे पोरंबाळं टाळ्या पिटत.

“राजाशी लढणं सोपं असतं गं, तो लांब असतो,” ती म्हणायची. “खरी क्रांती शेजारणीवर होते.”

हे सगळं सांगताना ती अगदी शांतपणे चहा गाळत असे. आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांना तो चहा पुढे संपवावा लागे. गेर्लिंगेनहून माझा एक मावसभाऊ आला होता, नुकताच तिथल्या मोठ्या कंपनीत लागलेला. बिचारा अर्धा तास सांगत होता, आमचं डिपार्टमेंट, आमचा सेन्सर, आमच्याशिवाय इथली गाडी जागची हलत नाही. विजयाताईने ऐकून घेतलं.

“गेनाऊ. म्हणजे ती खिडकीची काच वर-खाली होते, तेच ना?”

“नाही, म्हणजे... त्यातला एक भाग.”

“कुठला? वर जायचा की खाली यायचा?”

तो पुन्हा आमच्याकडे आला नाही. मावशीने मला फोनवर विचारलं, तुझ्यासोबत राहते ती बाई कोण आहे गं.

पण एक जागा होती जिथे ही बाई मऊ होई. तिच्या कागदपत्रांत तिला बोस्टनची एक विधवा सापडली होती. लहानसं दुकान, दोन मुली, नवरा समुद्रात गेलेला. बहिष्काराच्या आधी घेतलेला चहा तिने गुपचूप विकला, कारण तो तसाच ठेवला तर मुलींना खायला काय घालायचं. नाव छापून आलं. कोणी तिच्याशी बोलेना, मुलींशी खेळेना. विजयाताई तिला ‘माझी बाई’ म्हणायची. “आज माझ्या बाईचं एक पत्र मिळालं,” असं माहेरून पत्र आल्यासारखं सांगायची.

एका संध्याकाळी मी घरी आले तर ती ओट्याला टेकून चक्क रडत होती. कांदा वगैरे नव्हता.

“तिने माफी छापली गं,” ती म्हणाली. “वर्तमानपत्रात, स्वतःच्या नावाने. चुकले म्हणाली, पुन्हा करणार नाही म्हणाली, शेजारणींनो मला पदरात घ्या म्हणाली. आणि त्याच आठवड्यात तिच्या काचा फोडल्या.”

मी पाणी दिलं. ती पाणी प्यायली आणि म्हणाली, “असल्या बायकांची आठवण ठेवायला कोणीतरी हवं ना.” मला त्या दिवशी ती फार आवडली. पुढच्या गोष्टी घडल्या नसत्या तर मी तिला त्याच रूपात लक्षात ठेवलं असतं.

आता संध्याबद्दल सांगायला हवं. संध्या नाशिककडची, नवरा प्रशांत रोज बसने हेर्त्सोगेनआउराखला नोकरीला जाणारा. ती घरीच असे. विनोद झाल्यावर सगळ्यांच्या नंतर हसायची. विजयाताईला बघून इतर बायका रस्ता बदलत, ही मात्र आमच्याकडे जवसाची चटणी घेऊन यायची आणि बोस्टनच्या गोष्टी तोंड उघडं टाकून ऐकायची. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर तिला दिवस राहिले. हे तिने आईच्या खालोखाल विजयाताईला सांगितलं.

“आईचा व्हिसा नाही झाला, ताई. डोहाळजेवणाला पहिली ओटी तुम्ही भराल का?”

विजयाताई पहिल्यांदाच गडबडलेली दिसली. “अगं, मी... माझं लग्न नाही झालेलं. चालतं का असं?”

“मला चालतं,” संध्या म्हणाली.

ती गेल्यावर विजयाताई बराच वेळ चटणीची बाटली पुसत होती, जी स्वच्छच होती.

त्याच सुमारास न्यूर्नबर्गचं प्रकरण झालं. आमच्या भागातला मोठा गणपती न्यूर्नबर्गला बसे. कमिटी तिथली, स्टेज तिथलं, माइकही त्यांच्याच हातात. एर्लांगेनच्या बायकांनी उकडीचे मोदक करून गाडीने न्यायचे, गरम करून वाढायचे आणि शेवटच्या रांगेत बसून नाटक बघायचं. त्या वर्षी आमच्यातल्या काहींनी एर्लांगेनलाच छोटा गणपती बसवायचं ठरवलं. कमिटीचे अध्यक्ष जोगळेकरकाका. त्यांनी मेसेज पाठवला की वेगळा गणपती बसवून फूट पाडू नये, आणि मोदक मात्र नेहमीप्रमाणे वेळेवर यावेत.

चर्चच्या हॉलमध्ये आम्ही सगळे जमलो. चरफडत होते सगळेच, पण काय करायचं ते सुचत नव्हतं. विजयाताई अशा बैठकांना कधी येत नसे. त्या दिवशी आली, मागे उभी राहिली आणि सगळ्यांचं बोलून झाल्यावर म्हणाली, “कमिटीत आपलं माणूस आहे का एक तरी?”

“नाही.”

“आणि मोदक सगळे आपले.”

“हो ना.”

“मग प्रतिनिधी नाही तर मोदक नाही. संपलं.”

हॉल आधी हसला, मग टाळ्या वाजल्या. कोपऱ्यात खेळणारी पोरं जर्मनमध्ये विचारायला लागली, काय झालं, आपण जिंकलो का. ज्या बाईला लोक जेवायला बोलवायला कचरत होते ती एका वाक्यात पुढारी झाली. तिच्या गालांवर रंग चढला होता. इतकी वर्षं कागदात वाचलेली गोष्ट डोळ्यांसमोर हलायला लागली होती, आणि ती हलवणारी ती स्वतः होती. त्या वर्षी न्यूर्नबर्गला एकही मोदक न्यायचा नाही, असं सर्वानुमते ठरलं. विजयाताईने प्रत्येकीकडे बघून ‘ठरलं ना?’ असं विचारून घेतलं. संध्यानेही मान हलवली.

गणपती झाला. न्यूर्नबर्गकरांनी आरतीचे फोटो टाकले. बाप्पापुढे ताट, ताटात मोदक.

“विकतचे असतील,” मी म्हटलं. “फ्रँकफर्टहून आणले असतील.”

विजयाताईने फोन हातात घेतला, फोटो मोठा केला आणि बघत राहिली. आमच्याकडच्या बायकांचे मोदक म्हणजे सात-आठ जाड पाकळ्या आणि वर एक बोंडुक. या मोदकांना बारीक, दाट पाकळ्या होत्या, आणि टोक डावीकडे वळवलेलं. डावरी बाई आम्हांत एकच होती.

“हा हात संध्याचा,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. जुन्या कागदावरची सही ओळखावी तसं ती म्हणाली.

“जाऊ दे ना, ताई.”

“का?”

मी म्हटलं, ती गरोदर आहे. विजयाताई म्हणाली, “गेनाऊ,” आणि मी माझ्या बशीत बघू लागले.

पुढच्या शनिवारी हॉलमध्ये छोट्या गणपतीचा हिशेब-आढावा, चहा-चिवडा होता. चहा फिरत असताना विजयाताई उभी राहिली. “न्यूर्नबर्गला मोदक गेले. संध्याने केले,” एवढंच तिने सांगितलं आणि फोटो पुढच्या बाईच्या हातात दिला. फोन हातोहात फिरला. प्रत्येक बाई पाकळ्या बघे, मग संध्याकडे बघे, मग फोन पुढे देई. शेवटी तो संध्याच्याच हातात आला.

“ताई, नवस होता,” संध्या म्हणाली. “मागच्या वर्षी तिथेच बोलले होते मी बाप्पाला. दिवस राहिले तर पुढचा नैवेद्य माझ्या हातचा. मी कमिटीसाठी नाही केले. देवासाठी केले.”

“प्रत्येकाला कारण असतं,” विजयाताई म्हणाली. “मग त्या दिवशी मान का हलवलीस?”

“तुमच्या तोंडासमोर नाही म्हणता आलं नाही.”

“गेनाऊ. म्हणजे देवाला शब्द दिलास तो खरा, आम्हाला दिलास तो तोंडदेखला. ठीक आहे. मी काही कुणाला सांगणार नाही हिच्याशी बोला की नका बोलू. ज्याने त्याने ठरवावं.”

आणि ज्याने त्याने ठरवलं. भांडण कोणी केलं नाही. संध्याचे फोन उचलले जाईनात. बसमध्ये भेटली तर लोक खिडकीबाहेर बघत. बागेत पोरं खेळवणाऱ्या आमच्या बायका तिला बघून जर्मन बोलू लागत. चारच दिवसांत प्रशांत आणि संध्या आमच्या दारात उभे राहिले. संध्याचा चेहरा सुजलेला होता.

“अहो ताई, हिचं चुकलं,” प्रशांत म्हणाला. “तुम्ही एक शब्द टाकलात तर सगळं सुरळीत होईल. डोहाळजेवण आलंय तोंडावर. हिचं इथे दुसरं कोण आहे?”

“माझी माफी कशाला मागता? मी कोण? सगळ्यांची माग म्हणावं.”

त्या संध्याकाळी संध्याने ग्रुपवर लिहिलं. माझी चूक झाली. मी सगळ्यांचा शब्द मोडला. पुन्हा असं करणार नाही. येत्या शनिवारी माझं डोहाळजेवण आहे, मोठ्या मनाने सगळ्यांनी या. खाली कोणी काही लिहिलं नाही. मी लिहिलं, ‘मी येते.’ ते वाक्य तिथे एकटंच राहिलं.

शनिवारी निघताना मी विजयाताईच्या दारावर टकटक केली. “ओटी भरायची आहे तुला.”

“गेले तर मीच फोडला असं होईल बहिष्कार,” ती म्हणाली. तिच्या टेबलावर एक नवा खण घडी करून ठेवला होता. पुण्याहून बहिणीकडून मागवलेला. तो तिथेच राहिला.

संध्याकडे पाटाभोवती रांगोळी होती. हिरवी साडी, कागदी फुलांचे दागिने, कारण खरी शेवंती इथे त्या दिवसांत भलत्याच कामासाठी विकतात, कबरींसाठी. पुऱ्या, श्रीखंड, पाच प्रकारचे भात, शिवाय एक वाटी पेढा आणि एक वाटी बर्फी झाकून ठेवलेली. वीस ताटं मांडली होती. आम्ही तिघं होतो: मी, प्रशांत आणि वरच्या मजल्यावरची म्हातारी फ्राऊ ह्यूबनर, जिला प्रशांतने जिन्यात गाठून आणलं होतं. संध्या मेसेज आला का बघायची आणि म्हणायची, बस चुकली असेल. मग तेही म्हणेनाशी झाली. शेवटी ओटी फ्राऊ ह्यूबनरने भरली. तिला तांदूळ कसे टाकायचे ते कळेना. तिने ते मुठीने टाकले आणि काय करावं न सुचून संध्याच्या डोक्यावरून हात फिरवला. त्यावर संध्या जी रडली ते मला आजही ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विजयाताई कॉफी घेऊन खिडकीशी उभी होती. “किती जण होते?”

“कोणी नव्हतं.”

“एकही नाही?”

“एकही नाही. तुझ्या बाईनेही माफी छापली होती, ताई.”

मला वाटलं आता तरी काहीतरी हलेल. तिने कप खाली ठेवला. डोळे मोठे झाले. मग म्हणाली, “म्हणजे सगळ्यांना वाटलं असणार की बाकीच्या जातील, आपण एक नाही गेलो तर काय होतंय. द्वेष कोणालाच नव्हता. हेच, हेच मला कळत नव्हतं बघ. मी इतके दिवस बोस्टनच्या त्या शेजारणींच्या मनात द्वेष शोधत होते.”

ती खोलीत गेली आणि दार लावलं. कीबोर्डचा आवाज दुपारपर्यंत येत होता. अडलेलं शेवटचं प्रकरण तिने त्या आठवड्यात पूर्ण केलं. तिच्या प्राध्यापकांनी ते वाचून म्हटलं, इतकं जिवंत लिहिलेलं त्यांनी क्वचितच वाचलं होतं. मला विजयाताईची किळस आली, आणि हे सांगताना मी मुद्दाम दुसरा शब्द शोधत नाही.

पुढे न्यूर्नबर्गने एर्लांगेनला कमिटीत दोन जागा दिल्या. पुढच्या गणपतीला मोदक पुन्हा न्यायचे ठरले. संध्याला मुलगी झाली. बारशाला झाडून सगळ्या बायका गेल्या, एकीपेक्षा दुसरीचं झबलं भारी. एवढं प्रेम एकदम आलं की आधीचं ते वाळीत टाकणं कुणीतरी केलं होतं असं ठरवणं भाग होतं. ते विजयाताईने केलं होतं. ‘आम्हाला काय माहीत, त्यांनीच उभं केलं ना सगळं.’ तिच्या विरोधात कोणी हॉलमध्ये उभं राहिलं नाही, नाव घेतलं नाही. फक्त तिला कोणी बोलवेनासं झालं. ती दिसली की लोक बसच्या खिडकीबाहेर बघत. तिने ते कधी बोलून दाखवलं नाही. चटणी मात्र विकतची आणायला लागली, आणि ती उघडून दोन-दोन महिने तशीच ठेवायची.

जुलैत तिची तोंडी परीक्षा होती. इथे प्रबंध पास झाला की सहकारी नव्या डॉक्टरला हाताने केलेली टोपी घालतात. टोपीवर त्याच्या विषयाची थट्टा असते. मग हातगाडीत बसवून गावात फिरवतात. संध्याने मला आदल्या आठवड्यात विचारलं होतं, परीक्षा किती वाजता संपेल. मला बरं वाटलं. म्हटलं, एकीने तरी सोडून दिलं.

विजयाताई उत्तम गुणांनी पास झाली. आम्ही इमारतीसमोर उभे होतो, सात-आठ जर्मन सहकारी आणि मराठी एकटी मी. काटरीन नावाची तिची सहकारी टोपी घेऊन आली. काळ्या पुठ्ठ्याच्या टोपीला चहाच्या पुड्या लोंबत होत्या, कडेने कागदावरच्या कराची तिकिटं, आणि वरून खालपर्यंत गोंद लावून चिकटवलेली पांढरी पिसं. “दोन उशा फोडल्या,” काटरीन हसत म्हणाली. तिचा जोडीदार मार्कुस मागून हातगाडी घेऊन आला. एवढ्या प्रेमाने त्यांनी केलं होतं सगळं, की त्यांना काही दिसलंच नाही.

विजयाताईला दिसलं. तिने टोपीकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. मग वाकून टोपी घालून घेतली आणि गाडीत चढून ताठ बसली. दोन-चार पिसं सुटून तिच्या घामेजल्या मानेला चिकटली.

तेवढ्यात संध्या आली. बाबागाडीत मुलगी, हातात मोठा स्टीलचा डबा. विजयाताईने तिला लांबूनच ओळखलं. तिचा चेहरा असा उघडा मी ती ओट्याशी रडत होती तेव्हा पाहिला होता, त्यानंतर नाही. संध्याने झाकण काढलं. उकडीचे मोदक, बारीक दाट पाकळ्या, टोक डावीकडे. तिने काटरीनला दिला, मार्कुसला दोन दिले, एकेका जर्मनाला जर्मनमध्ये ‘गरम आहे, जपून’ सांगत दिला. मला दिला. मग ती गाडीपाशी आली.

विजयाताईने हात पुढे केला.

संध्याने त्या हाताकडे पाहिलं. डब्यात आणखी मोदक होते, मी तिच्या शेजारीच होते, मला दिसत होते. तिने झाकण लावलं, घट्ट बसलं ना ते दाबून पाहिलं, डबा बाबागाडीच्या खाली ठेवला आणि मुलीच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं.

हात थोडा वेळ तसाच राहिला. मग विजयाताईने तो मांडीवर घेतला.

“गेनाऊ,” ती म्हणाली, कुणालाच उद्देशून नाही असं. आणि मार्कुसला म्हणाली, “चला, ओढा आता.”

मार्कुसने गाडी ओढली, आणि फुटपाथवरच्या अनोळखी लोकांनी टाळ्या वाजवल्या.